मोबदला वाटला, पुढं काय?
(भिवंडी तालुक्यातील बैठकीत केलेले भाषण)



आजची बैठक भाताच्या खरेदीसाठी आणि रस्त्यांत गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी बोलावली आहे. त्यावर आमचे सहकारी बोलले, आणखीही बोलतील. आम्ही तुमचा थोडा वेळ मागून घेतला आहे तो एका वेगळ्या गोष्टीसाठी. ती सातबाऱ्यावर येत नाही, तलाठ्याच्या दप्तरात सापडत नाही; पण या मांडवात बसलेल्या बऱ्याच घरांत ती आहे.

भिवंडी म्हटलं की बाहेरच्याला यंत्रमाग आठवतात. आता गोदामं आठवतात. काल्हेर, पूर्णा, माणकोली या पट्ट्यात जिथं भात पिकायचा तिथं आज ट्रकांच्या रांगा लागतात. इकडं आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन टेकला. इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. बुलेट ट्रेनही याच तालुक्यातून, वडोदऱ्याचा रस्ताही याच तालुक्यातून. मोबदल्याच्या एकेक रुपयासाठी आपण मोजणीदारापुढं उभे राहिलो. ते बरोबरच होतं. पण तो रुपया खात्यात जमा झाल्यावर घरात काय होतं, याचा हिशेब आम्ही कधी मांडला नाही.

पडघ्याच्या बाजूच्या एका घराची हकीगत सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. ज्यांची आहे त्यांनी सांगा म्हटलं म्हणून सांगतो.

दोन भाऊ, एक बहीण, म्हातारे वडील. जमीन रस्त्यात गेली, पैसे आले. थोरल्याला गाळे काढायचे होते, धाकट्यानं आधी गाडी घेतली. बहिणीपुढं हक्कसोडीचा कागद ठेवला, तिनं सही केली नाही. का करावी? २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. पण त्या दिवसापासून तिचं माहेर तुटलं. आम्हाला बोलावणं आलं ते तंटा मिटवायला. आम्ही गेलो, नकाशा पसरला, गुणाकार-भागाकार केला, तीन बैठका घेतल्या. शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस असाच. पीक पिवळं दिसलं की नत्र कमी पडलं म्हणायचं आणि मात्रा सांगून मोकळं व्हायचं. मुळाशी पाणी साचलंय का, हे वाकून बघायचं राहून जातं.

आमच्या डोळ्यांसमोर काय होतं? म्हातारा पहाटे चारला उठून अंगणात बसायचा, कारण जायला शेत नव्हतं. थोरला संध्याकाळी पिऊन यायचा. त्याचा दहावीतला मुलगा कुणाशी बोलत नव्हता. आम्ही त्याला ‘फार शांत पोरगा’ म्हणून शाबासकी दिली! आणि थोरली सून तिन्ही बैठकांत चहा ठेवून आत जायची. ती जेवत नव्हती, झोपत नव्हती. एके दुपारी ती विहिरीपर्यंत जाऊन परत आली होती. हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं, तेही तिनं सांगितलं म्हणून.

ती परत कशी आली, ते ऐका. आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर तिनं एक नंबर वाचला होता: १४४१६. मुलाच्या फोनवरून, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं बसून तिनं तो लावला. पलीकडून मराठीत बाई बोलली. ‘मला कुणी काय करा ते सांगितलं नाही,’ सून म्हणाली, ‘पण माझं बोलणं संपेपर्यंत कुणी मधे तोंड घातलं नाही. एवढं तर माझ्या लग्नानंतर कधी झालं नव्हतं.’

हा नंबर टेली-मानसचा. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनं ही सेवा चालवली आहे. रात्री-अपरात्री कधीही लावा, पैसे पडत नाहीत. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढं मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. सरकारी योजनेचं कौतुक या व्यासपीठावरून फारसं होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

काही भाऊ म्हणतील, ‘आम्हाला भाव द्या, सल्ला कशाला?’ २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प निघाला, तेव्हा आम्हीही हेच म्हणालो होतो आणि टाळ्या घेतल्या होत्या. कापसाला भाव नसताना शेतकऱ्याच्या डोक्यात बिघाड शोधणं ही लबाडी आहे, असं आम्ही आजही म्हणू. पण आपल्या या घरात पैसा आला होता. पैसा आल्यावर घर फुटलं. तिथं आमच्या टाळ्यांच्या वाक्याला उत्तर नव्हतं. आणि ज्या घरात पैसा नाही तिथली बाई विहिरीच्या काठावर उभी असताना तिला हमीभावाचं गणित सांगायचं का?

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. सव्वाशे वर्षांत आपण त्याची शिवी केली. ‘ह्याला ठाण्याला नेऊन टाका!’ मग त्या दारात पाय कोण ठेवणार? कुणी पाहिलं तर पोरीचं लग्न मोडेल, ही भीती खोटी नाही. फोनचा मोठा गुण हाच, की भावकीला दिसत नाही. दुसरी भीती पोलिसांची. जीव द्यायला गेलेल्या माणसावर गुन्हा दाखल होतो म्हणून घरचे तोंड उघडत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायला सांगितलं आहे आणि त्याच्यावर उपचार करणं सरकारचं काम ठरवलं आहे. जुनं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेबरोबर गेलं. हे गावात सांगा.

आता फोनचे दोषही सांगतो, नाहीतर आम्ही बियाण्याच्या कंपनीचे एजंट ठरू. घरात एकच फोन, तो पुरुषाच्या खिशात आणि भिंती पातळ. बाईनं बोलायचं कुठं? त्यासाठी शेजारणीनं आपली खोली अर्धा तास मोकळी करून दिली पाहिजे. जिथं मारहाण आहे तिथं नवरा-बायकोला एका फोनवर बसवून समजूत काढू नका. तिथं १८१ वर महिला हेल्पलाइन आहे, २००५ चा कायदा आहे. मूल घाबरलेलं असेल तर १०९८. आणि पैसे घेऊन व्हिडिओवर सल्ला देणारे आता पुष्कळ झाले आहेत. चांगलेही आहेत, पण आधी शिक्षण आणि नोंदणी विचारा. खताचं पोतं घेताना विचारता ना?

गोव्यात ‘संगथ’ ही संस्था १९९६ पासून काम करते. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून त्यांनी खिन्नतेच्या रुग्णांना मदत केली. सरकारी आरोग्य केंद्रांत ती रीतसर तपासली आणि गुण येतो हे दाखवलं. म्हणजे हे काम आपल्यातल्या माणसाला जमू शकतं. नीट ऐकून घ्यायला मात्र शिकावं लागतं. आम्ही स्वतः अजून शिकतोच आहोत. तीन बैठकांत आम्हीच सगळ्यात जास्त बोललो होतो.

त्या घरात सगळं सुरळीत झालं असं समजू नका. हिश्श्याचा दावा भिवंडीच्या कोर्टात चालू आहे. थोरला दोन महिने फोनला हात लावायला तयार नव्हता. मग एकदा उरलेल्या दहा गुंठ्यांच्या बांधावर बसून वीस मिनिटं बोलला. काय बोलला ते बायकोनंही विचारलं नाही. पिणं कमी झालं आहे, बंद नाही. मुलगा आईशी बोलतो. बहीण यंदा भाऊबीजेला आली, ओवाळून उंबऱ्यातूनच परत गेली. म्हातारा त्या दहा गुंठ्यांत वाल लावतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं दोन नावं आणावीत, त्यातलं एक बाईचं. पुढारी नकोत, ज्याच्याजवळ सांगितलेलं बाहेर जात नाही असं गावाला ठाऊक आहे, असं माणूस हवं. त्यांच्या शिकवणीचं बघायचं काम आमच्याकडं. नंबर फळ्यावर लिहिला आहे. उतरून घ्या आणि घरी गेल्यावर चुलीमागच्या भिंतीवर, बायकांना दिसेल असा लिहा.