यात्रेकरूचा रुपया



पर्यटनाच्या अर्थशास्त्रावर आम्ही बोलणार, हे कळताच आमच्या युनियनमधला एक हमाल म्हणाला, "दादा, पर्यटन म्हणजे पैसेवाल्यांचं हिंडणं. त्यात आपला काय संबंध?" आम्ही त्याला विचारले, "दर श्रावणी सोमवारी तुझी आई परळीला जाते, ते काय असतं?" त्यावर तो हसला. पर्यटन हा शब्द आपल्याकडे नवा आहे, यात्रा जुनी आहे. देवाच्या दृष्टीने दोहोंत फरक असेल. हिशेबाच्या दृष्टीने नाही. माणूस आपल्या गावी कमावतो, परगावी येऊन खर्च करतो आणि परत जातो. त्याने मागे ठेवलेल्या पैशाचे पुढे काय होते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आमची शाळा सातवीत सुटली. अर्थशास्त्र आम्ही शिकलो ते जुन्या पुस्तकांतून आणि मालकांशी केलेल्या वाटाघाटींतून. त्या पुस्तकांत केंब्रिजच्या रिचर्ड कान याने १९३१ साली मांडलेला आणि पुढे केन्सने १९३६ साली प्रसिद्ध केलेला एक हिशेब आहे. तो आपल्या भाषेत असा सांगता येईल. यात्रेकरूने गावात शंभर रुपये दिले. घेणाऱ्याने त्यातले पन्नास गावातच खर्च केले, ज्यांना ते पन्नास मिळाले त्यांनी पंचवीस, पुढे साडेबारा. असे करता करता शंभराच्या नोटेतून गावात दोनशेचा व्यवहार होतो. पण प्रत्येक हातातून पाचवाच हिस्सा गावात राहिला, तर व्यवहार सव्वाशेवर थांबतो. यात्रेकरू तोच, नोट तीच. फरक गळतीचा आहे. किती लोक आले याचे आकडे पुढारी सांगतात. किती गळाले हे कोणी मोजत नाही.

ही गळती पाहायला फार लांब जायला नको. वैजनाथाच्या दारातले पूजेचे ताट घ्या. बेल इथल्या झाडाचा, झेंडू इथल्या रानातला. तो पैसा शिवारात परततो. पेढ्याचा खवा बीड-धाराशिवकडच्या भट्टीवरचा असला, तर म्हैस राखणाऱ्या बाईपर्यंत चार पैसे पोचतात. नारळ मात्र दक्षिणेतून येतो. उदबत्ती बहुधा कर्नाटकातली, आणि तिच्या बांबूच्या काड्या कित्येक वर्षे व्हिएतनाम-चीनमधून येत होत्या. म्हणजे देव आपला, भक्त आपला, आणि धूर परदेशी! पोरासाठी घेतलेल्या प्लॅस्टिकच्या खेळण्याबद्दल तर बोलायलाच नको. मुक्कामाची खोली मोबाईलवरून घेतली, तर दलालीही त्याच क्षणी दूरच्या शहरात जाते.

आता आपले घाटनांदूर पाहा. अंबाजोगाईला रेल्वे नाही. योगेश्वरीच्या दर्शनाला, मुकुंदराज-दासोपंतांच्या समाधीला निघालेला माणूस आपल्या स्टेशनावर उतरतो, पिशवी खांद्याला लावतो आणि मिळेल त्या गाडीने पुढे जातो. आपल्या वाट्याला फार तर एक कप चहा आणि रिक्षाचे भाडे. पण म्हणून ते हलके समजू नका. रिक्षावाल्याच्या भाड्यातून डिझेलचे पैसे बाहेर जातात हे खरे, परंतु उरलेले तो इथल्याच किराणा दुकानात आणि इथल्याच पिठाच्या गिरणीत देतो.

ही साखळी किती लांब आहे हे २०२० साली उघड झाले. करोनाच्या साथीत मार्च महिन्यात देवळे बंद झाली, ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेला, पुन्हा उघडली. या काळात फुलवाला बसला, हे सर्वांना दिसले. फूल पिकवणारा, खवा आटवणारा, लॉजच्या चादरी धुणारा परीट, हे मात्र तेव्हा कोणाच्या यादीत नव्हते. यात्रा त्यांनाही पोसत होती, हे कळायला देऊळ बंद व्हावे लागले.

एका तीर्थाच्या गावी श्रावणात आम्ही एका लॉजवर उतरलो होतो. तिथे तांड्यावरचा एक मुलगा कामाला होता. पहाटे चारला उठून पाणी तापवायचे, रात्री जिन्याखाली निजायचे. पगार किती म्हणून विचारले तर म्हणाला, "काका, जेवण आहे. सोमवारचं वेगळं देतात. श्रावण सरला की मालक जा म्हणतो." पुढे काय करणार? "दसऱ्यानंतर आई-बापूंबरोबर कोयत्यावर."

त्या मुलाच्या उत्तरात आपल्या जिल्ह्याचे पंचांग आहे. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे दसरा-दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर जाते, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. योगेश्वरीची यात्रा मार्गशीर्षात, वैजनाथाची महाशिवरात्र माघात. म्हणजे गावात गर्दी असते तेव्हा काम करणारे हात कोल्हापूर-सांगलीला किंवा कर्नाटकात ऊस तोडत असतात. ते घरी असतात तो एकटा श्रावण. महिनाभराच्या कामासाठी कोणी उचल नाकारीत नाही. यात्रेने स्थलांतर थांबेल असे ज्यांना वाटते, त्यांनी ही तारखांची गोष्ट ध्यानात घ्यावी.

मग कामगाराच्या पदरात पडेल कसे? मोठे हॉटेल असेल तर युनियन मालकापुढे बसू शकते. इथे तीन नोकरांचा लॉज, दोन नोकरांची खानावळ. राज्याने २०१७ साली दुकानांचा जो कायदा केला, त्यात दहांहून कमी कामगार असलेल्या मालकाने आपली माहिती कळवली की बहुतेक बंधने सुटत. आपल्या भागातला जवळपास सारा धंदा असा चाळणीतून खाली पडतो.

परंतु अनेक मालक आणि ठरावीक मालक नसलेला कामगार, हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा सोडवलेला आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालकाची नोंद, हमालाची नोंद; मजुरी मंडळाकडे भरायची, तीवर लेव्ही भरायची, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधपाणी. आजच्या मालकाकडे काम आणि उद्या दुसऱ्याकडे, तरी हक्क तुटत नाही. त्या कायद्याचा आज किती ठिकाणी बोजवारा उडाला आहे, हे आम्ही रोज पाहतो. तरीही युक्ती खरी आहे. यात्रेच्या गावांतल्या लॉज-खानावळीच्या नोकरांना तीच लावावी, अशी आमची मागणी आहे.

व्यापारी मित्र म्हणतील, मजुरी वाढली की यात्रेकरू पळेल. वैजनाथाचा भक्त खोलीला वीस रुपये जास्त पडले म्हणून दुसऱ्या ज्योतिर्लिंगाला जाईल, असे आम्हांस वाटत नाही. शिवाय मघाचा शंभराचा हिशेब आठवा. मालकाचा नफा जमिनीत, मोटारीत, संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये जातो. नोकराचा पगार महिना संपण्याआधी तुमच्याच गल्ल्यात पडतो.

परळीच्या विकास आराखड्यात रस्ते आहेत, भक्तनिवास आहे, दिवे आहेत. त्या भक्तनिवासात झाडू मारणारी बाई कोणाच्या हजेरीपटावर असेल, हे आम्ही अधिकाऱ्यांना दोनदा विचारले. ठेकेदार ठरवील, असे उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा विचारायला जाऊ तेव्हा घाटनांदूरचे दहा-वीस लोक बरोबर असावेत. रिक्षावाल्यांनी आणि स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यांनी आज सभा संपल्यावर नावे द्यावीत. वही त्या खांबापाशी ठेवली आहे.