रिकामी विहीर रिकामी नसते



मागच्या खेपेस आपण पाण्याविषयी बोललो. आज हवेचा धडा घेऊ. तुमची पोरे हायस्कुलात सामान्य विज्ञान शिकतात. त्या पुस्तकात हा धडा असतो. पोरे तो पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळवतात. पण बाप विहिरीत उतरायला निघाला, की पोराला तो धडा आठवत नाही. बापाला तर तो कुणी शिकवलेलाच नसतो. म्हणून आज आपण सगळेच तो पुन्हा शिकू.

मला सांगा, विहिरीत काय असते? तुम्ही म्हणाल, पाणी. आणि पाणी आटले तर? तुम्ही म्हणाल, काही नाही, विहीर रिकामी. इथेच आपण चुकतो. विहीर रिकामी नसते. तिच्यात हवा भरलेली असते. मग ती हवा कशी आहे, हे बघायला नको का?

हवा म्हणजे अनेक वायूंची मिसळ. मोकळ्या हवेचे १०० भाग केले, तर त्यांत ७८ भाग नत्रवायू असतो. २१ भाग प्राणवायू असतो. उरलेल्या एका भागात बाकीचे सगळे वायू. त्यांतच थोडा कर्बवायू असतो. पोरांच्या पुस्तकात त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात. हवेच्या १०,००० भागांत तो सुमारे ४ भाग असतो.

प्राणवायू नावाप्रमाणेच प्राण राखतो. तो माणसाला लागतो, तसाच दिव्यालाही लागतो. जळत्या पणतीवर काचेचा पेला पालथा घाला. थोड्या वेळाने पणती विझते. तेल आहे, वात आहे, मग विझली का? आतला प्राणवायू कमी झाला, म्हणून.

आपण प्राणवायू आत घेतो आणि कर्बवायू बाहेर टाकतो. हे खरे कशावरून? खायचा चुना पाण्यात कालवा आणि ते पाणी निवळू द्या. वरची नितळ निवळी पेल्यात घ्या. पपईच्या पोकळ देठाने तिच्यात फुंका. फक्त फुंकायचे, ओढायचे नाही. निवळी दुधासारखी पांढरी होते. ती करणी कर्बवायूची.

आता या वायूचा मोठा गुण बघा. हा मी तांब्या घेतला. त्यात चमचाभर खायचा सोडा टाकला. वरून लिंबू पिळले. फसफस झाली ना? तांब्यात कर्बवायू तयार झाला. शेजारी खोल वाडग्यात मेणबत्तीचा तुकडा जळतो आहे. आता मी तांब्या हळूच कलता करतो. लिंबाचा थेंबही पडू देत नाही. बघा, मेणबत्ती विझली! पाणी ओतावे तसा मी वायू ओतला. कारण कर्बवायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड आहे. तो खाली जातो आणि खोलगट जागी साचतो.

हे वाडगे म्हणजे तुमची विहीर समजा.

वापर नसलेल्या विहिरीत पाला पडतो, कुजतो. कुजताना प्राणवायू खर्ची पडतो आणि कर्बवायू तयार होतो. पेवातले धान्यही श्वास घेते. धान्य ओलसर असेल तर जास्तच. पेवाचे तोंड बंद, वारा लागत नाही. मग आत प्राणवायू उरत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस उतरतो आणि एकदोन श्वासांतच भोवळ येऊन पडू शकतो. ओरडायलाही सवड मिळत नाही.

वरून भाऊ बघतो. त्याला वाटते, पाय घसरला. तो धावत उतरतो. तोही पडतो. मग चुलता उतरतो. एका घरातली दोन-तीन माणसे अशी जातात. लोक म्हणतात, आसरांनी ओढले. मंडळी, आसरांना बोल लावू नका. मारले ते खराब हवेने, आणि आपल्या घाईने.

मग करावे काय? जुनी माणसे पेव उघडून बराच वेळ तसेच ठेवत. मग दोराने कंदील सोडून बघत. कंदील विझला तर कुणी उतरत नसे. त्यांची रीत शहाणपणाची होती. पण ती पुरी नाही, हे ध्यानात ठेवा. दिवा विझला तर धोका नक्की. पण दिवा जळत राहिला, म्हणजे धोका नाही असे नव्हे. विहिरीत इंजिन चालवले असेल, तर त्याच्या धुरातला विषारी वायू आत साचतो. तिथे दिवा खुशाल जळतो आणि माणूस मरतो. गोबरगॅसच्या किंवा संडासाच्या टाकीत तर दिवा सोडूच नका. तिथला वायू पेट घेतो. अशा टाकीत माणूस उतरवायचाही नाही. संडासाची टाकी साफ करायला साधनांवाचून माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून चार गोष्टी गाठीला बांधा.

एक: बंद पेवात, पडीक विहिरीत एकट्याने कधी उतरू नका.

दोन: आधी पंख्याने किंवा यंत्राने भरपूर ताजी हवा आत सोडा.

तीन: उतरणाऱ्याच्या काखेखालून दोर बांधा. वर दोन धट्टी माणसे दोर धरून उभी ठेवा. जरा गरगरले, की लगेच वर ओढा.

चार: आत कुणी पडला, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. दोर असेल तर ओढा. आत हवा सोडत राहा. ११२ या क्रमांकावर फोन करा.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. आपले माणूस खाली पडलेले असताना काठावर उभे राहायला छाती लागते. पण काठावरचा शुद्धीत राहिला, तरच दोर ओढणारा कुणी उरतो.

आज घरी गेल्यावर पोराला हवेचा धडा काढायला सांगा. त्याच्याजवळ बसून वाचा. मग त्याला विचारा, आपल्या विहिरीत काय आहे? तो "काही नाही" म्हणाला, तर पणती आणि पेला तुम्हीच त्याला दाखवा.

राम राम!