मक्ता आणि मक्तेदार

‘शहाणपणाचा मक्ता काय तूंच घेतला आहेस?’ हा टोमणा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘मक्ता’ हा शब्द मूळचा अरबी. सरकारांत ठराविक रक्कम भरून जकातीसारखी एखादी बाब ठराविक मुदतीपुरती वसूल करण्याचा अधिकार, तो मक्ता. आणि तो घेणारा, तो मक्तेदार. पुढें शब्दांतून रक्कम गेली, मुदतहि गेली. एकट्याचा ताबा एवढाच अर्थ उरला. १९६९ सालच्या कायद्यानें ज्या व्यापारी मक्तेदारीला आळा घालूं पाहिला, ती या नव्या अर्थाची.

विद्येचीहि अशीच मक्तेदारी होती. आमच्या गडमुडशिंगीजवळच्या कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम काढला, तो तिच्यावरच घाव होता. मूठभरांना हा मक्ता दिला होता कोणीं? त्याला ना करारपत्र, ना मुदत. जुना मक्तेदार मुदत भरतांच उठे. ज्याला मक्ता कोणीं दिलेलाच नाहीं, तो आपण होऊन उठत नाहीं. त्याला उठवावें लागतें. मास्तरकींत मीहि अचूक उत्तराचा मक्ता घेऊन बसलों होतों; मला मुलांच्या प्रश्नांनीं उठविलें.