हाताला खरखरीत लागणारा डाग

मागच्या एपिसोडनंतर कन्नड तालुक्यातून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. त्याच्या धाकट्या बहिणीला जन्मापासून अल्बिनिझम आहे. म्हणजे शरीरात मेलॅनिन, आपल्या कातडीला रंग देणारं द्रव्य, जवळजवळ तयारच होत नाही. केस पांढुरके, उजेडात डोळे उघडत नाहीत. पोरगी नववीत आहे. नाकाच्या शेंड्यावर आणि कानाच्या पाळीवर खरखरीत डाग आलेत. कुणीतरी सांगितलं गजकर्ण आहे, मेडिकलमधून ट्यूब आणली, दोन महिने लावली, फरक शून्य. तो विचारतोय, "दादा, हे नेमकं काय असेल?"

आता मी काही डॉक्टर नाही, मी कोड लिहितो. (प्रोग्रामिंगचा. अंगावरच्या कोडाबद्दलही बोलायचंय, थांबा जरा.) त्यामुळे हे अमुकच आहे असं मी सांगणार नाही. पण अशी कातडी, अशा जागा आणि असा डाग दिसला की त्वचारोगतज्ज्ञाच्या डोक्यात एक नाव लवकर येतं: अ‍ॅक्टिनिक केराटोसिस. वर्षानुवर्षं ऊन खाऊन कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी बिघडतात, त्याचा हा चट्टा. कॅन्सर नाही, पण कॅन्सरच्या अलीकडची पायरी.

हा डाग दिसण्याआधी हाताला कळतो. बोट फिरवलं की पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं लागतं. आकार काही मिलिमीटर ते साधारण एक सेंटिमीटर. रंग लालसर, तपकिरी, कधी कातडीसारखाच. वरचा पापुद्रा निघतो आणि पुन्हा येतो. जागा ठरलेल्या: टक्कल, कपाळ, नाक, कान, हाताची वरची बाजू आणि खालचा ओठ.

होतं कसं? उन्हातले अतिनील किरण पेशीतल्या डीएनएवर आदळतात आणि शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. पेशी रोज ही दुरुस्ती करते. पण एखाद्या दिवशी चूक राहून जाते, आणि ती नेमकी पी-५३ नावाच्या जीनमध्ये राहिली तर पंचाईत. हा जीन म्हणजे बिघडलेल्या पेशीला थांबवणारा. तोच बंद पडला की पुढच्या चुका बिनबोभाट जमा होत जातात.

एकेका डागाचा कॅन्सर होण्याची शक्यता कमी असते, काही तर आपोआप जातातही. अडचण ही की कुठला जाईल आणि कुठला वाढेल हे आधी ओळखता येत नाही. म्हणून दिसला की काढायचा.

आता तुमच्यातले बरेच जण म्हणतील, आपण सावळे लोक, हे गोऱ्यांचं दुखणं. बरंचसं खरं आहे. मेलॅनिन हे अंगभूत सनस्क्रीन आहे आणि त्यामुळे आपल्याकडे हे डाग कमीच दिसतात. पण "आपल्याकडे" या शब्दात ती नववीतली पोरगी बसत नाही. मराठवाड्याचं ऊन तिच्यासाठी वेगळंच आहे. किडनी ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनाही धोका जास्त. कोड असणाऱ्यांमध्ये मात्र हा कॅन्सर वाटतो तितका आढळत नाही, पण पांढरा भाग उन्हात पटकन भाजतो, म्हणून झाकायचा तोही.

आणि ओठ! कपाशी वेचायला जाणाऱ्या बायका साडीवर फुल बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला रुमाल बांधतात. जालना रोडवर स्कूटीवरच्या पोरी तर डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळतात. लोक हसतात, पण उन्हापासून बचावाचा याहून स्वस्त उपाय नाही. उघडा राहतो तो शेतातल्या माणसाचा खालचा ओठ. तो सारखा कोरडा पडतो, सोलतो, ओठ आणि कातडी यांच्यातली रेघ पुसट होते. "ओठ फुटलाय" म्हणून तूप लावत बसतात. त्यात तिथंच तंबाखूचा बार असेल तर दोन्हीकडून मार. असा ओठ महिनाभरात बरा झाला नाही तर दाखवायलाच हवा.

इथं माझ्या धंद्यातली एक गोष्ट. फोटो काढा, डाग ओळखतो, असे ॲप्स निघालेत. त्यांच्या मॉडेलना शिकवायला बऱ्याचदा वापरला जाणारा एक डेटासेट आहे, एचएएम १००००. २०१८ साली आला, फोटो १०,०१५. त्यातले आपल्या विषयाचे, म्हणजे अ‍ॅक्टिनिक केराटोसिस आणि त्याच्या पुढच्या वरवरच्या पायरीचे मिळून फक्त ३२७. आणि फोटो आले कुठून? ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना आणि ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड. सगळे गोरे प्रदेश. असं मॉडेल तुमच्या काकांच्या सावळ्या कपाळावरच्या डागाला काय म्हणेल, यावर मी तरी पैज लावणार नाही. ॲपने "ओके" म्हटलं म्हणून दवाखाना टाळू नका.

दवाखान्यात काय होतं? डॉक्टर बोट फिरवतात, डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून बघतात. शंका आली तर जागा बधिर करून छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. सुई नको म्हणून इथं पळून येऊ नका.

डाग एक-दोनच असतील तर लिक्विड नायट्रोजन. गावाकडच्यांना हे माहितीये, गुरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ज्या कंटेनरमध्ये ठेवतात, तेच ते. उणे १९६ अंश. काही सेकंद फवारतात, फोड येतो, खपली धरते, साधारण दोन आठवड्यांत पडते. सावळ्या कातडीवर पांढरा ठिपका राहू शकतो, ते आधीच विचारून घ्या.

डाग पसरलेले असतील तर ५-फ्लुरोयुरासिल मलम, काही आठवडे. हे निवडक तणनाशकासारखं, भराभर वाढणाऱ्या बिघडलेल्या पेशींना जास्त लागतं. पण तोंड लालभडक होतं, सोलतं, आग होते. बरेच जण इथंच घाबरून सोडून देतात. ती लाली म्हणजे औषध काम करतंय, पण त्रास फार झाला तर डॉक्टरांना फोन करा, मनाने बंद करू नका. आणि मेडिकलमधली स्टेरॉइड मिसळलेली गजकर्णाची ट्यूब यावर चालत नाही, उलट कातडी पातळ होते.

सनस्क्रीनचं काय? क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावात १९९२ पासून साडेचार वर्षं १,६२१ लोकांवर प्रयोग झाला. रोज लावणाऱ्या गटात स्क्वॅमस सेल कॅन्सर, म्हणजे या डागांच्या पुढची पायरी, जवळपास ४० टक्के कमी निघाले. ते लोक गोरे होते, म्हणून तो आकडा आपल्या सगळ्यांना जसाच्या तसा लागू नाही. पण अल्बिनिझम असणाऱ्याला सनस्क्रीन म्हणजे औषधच. आपल्याकडे ते सौंदर्यप्रसाधन म्हणून विकतात, आणि मला ते खटकतं. एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, बाहेर असाल तर दर दोन तासांनी.

मोबाइलच्या हवामान ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स बघा. तापमान नव्हे, तो वेगळा आकडा. ३ झाला की झाकायला सुरुवात, ११ म्हणजे अतितीव्र. आपल्या शहरात एप्रिल-मेच्या दुपारी तो ११ च्या पुढे जातो.

तर कन्नडच्या दादा, बहिणीला घाटीच्या त्वचारोग ओपीडीत घेऊन ये, जुन्या ट्यूबा सोबत आण. शाळेत मुख्याध्यापकांना लेखी दे: टोपी आणि फुल बाह्या चालू द्याव्यात, प्रार्थना सावलीत, पीटी सकाळी लवकर. तोपर्यंत डागाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून दर आठवड्याला फोटो काढ, त्याच जागी, त्याच उजेडात. डाग टणक झाला, दुखायला लागला, रक्त आलं किंवा भराभर वाढला, तर ओपीडीच्या नेहमीच्या तारखेची वाट बघू नको, लगेच ये.