नावं कोणी जपली?

दोस्तांनो, मी कोड लिहिणारा माणूस, पुरातत्त्व माझा विषय नाही. पण ऑफिसात चहा पिताना एक वाक्य हल्ली वारंवार कानावर येतं: "तिथे खोदलं की ज्यूंचंच निघतं, मग वाद कसला?" आपली मुलं चिडून म्हणतात, सगळं बनावट आहे. हे उत्तर चुकीचं आहे. ज्यू तिथे राहत होते, त्यांची प्रार्थनास्थळं सापडतात. आपल्या अलिबागकडच्या बेने इस्रायल शेजाऱ्यांनाही जेरुसलेम परकं नाही. ते नाकारून आपण फक्त खोटे पडतो.

आता १८३८ मध्ये जाऊ. एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन अभ्यासक बायबलमधली गावं शोधत पॅलेस्टाइनमध्ये फिरत होता. सोबत अरबी जाणणारा मिशनरी एली स्मिथ. त्यांनी कुदळ मारली नाही, शेतकऱ्यांना विचारलं: या जागेला काय म्हणता? अनाता, म्हणजे बायबलमधलं अनाथोथ. बेतीन म्हणजे बेथेल. सेलून म्हणजे शिलो. राज्यं बदलली, भाषा बदलली, धर्म बदलला. नावं राहिली, कारण ती घेणारी माणसं राहिली. ज्यांच्या तोंडून पत्ता मिळाला, त्यांनाच पुढे उपरं ठरवलं गेलं.

हे कसं घडतं ते सुसियात दिसतं. अल-खलीलच्या दक्षिणेला डोंगरात हे गाव. लोक गुहांमध्ये राहायचे. मेंढ्या, जैतून, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या. तिथेच एका प्राचीन सिनेगॉगचे अवशेष आहेत, मोझाइकची फरशी आहे. त्याच सिनेगॉगच्या अंगणात नंतरच्या काळात मशीद झाली होती, तीही खोदकामातच दिसली. १९८३ मध्ये शेजारी सुसिया नावाचीच इस्रायली वसाहत उभी राहिली. १९८६ मध्ये गावाची जागा पुरातत्त्वस्थळ जाहीर झाली आणि कुटुंबांना बाहेर काढलं. ती जवळच्या स्वतःच्या शेतात तंबू-पत्रे टाकून राहिली. बांधकामाची परवानगी मिळत नाही, आणि परवानगी नाही म्हणून पाडण्याचे आदेश निघतात.

खोदकामात वरचा थर काढावाच लागतो आणि तो परत बसवता येत नाही. (आमच्याकडे निदान जुनं व्हर्जन परत आणता येतं.) पण कुठल्या थरावर थांबायचं, कुठला पर्यटकांना दाखवायचा, हे माणूस ठरवतो. सुसियात सगळ्यात वरचा थर जिवंत होता. 'एमेक शावेह' ही इस्रायली पुरातत्त्वज्ञांचीच संस्था या वापरावर उघड टीका करते. चहाच्या टेबलावर हे जरूर सांगा.

'नो अदर लँड' याच डोंगरांवरचा माहितीपट. त्याला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. त्याच्या चार दिग्दर्शकांपैकी हमदान बल्लाल सुसियाचेच. तो पाहा. आणि आज घरी गेल्यावर 'पॅलेस्टाइन ओपन मॅप्स' उघडा. ब्रिटिश काळातले नकाशे आजच्या नकाशावर ठेवून पाहता येतात. एखादं गाव निवडा, दोन्ही थर आलटून-पालटून चालू-बंद करा.

मी थांबतो. प्रश्न घेऊ या.