वेदनेची व्यवस्था



‘ज्याचे जळते त्यालाच कळते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खरी आहे. पण तिचा आधार घेऊन आपण हात झटकतो, हे बरे नव्हे. ताप मोजता येतो, मोडलेले हाड क्ष-किरणांत दिसते. वेदना दाखवणारे असे यंत्र नाही. म्हणून वर्षानुवर्षे ज्याचे अंग ठणकते, त्याला प्रथम सहानुभूती मिळते, मग सल्ले मिळतात आणि अखेर ‘याचे नेहमीचेच आहे’ हे ऐकावे लागते.

वैद्यकशास्त्राने या संशयाला आता जागा ठेवलेली नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या रोगसूचीत स्वतंत्र स्थान आहे. ‘मला दुखते’ असे जो सांगतो त्याच्या शब्दाचा मान राखावा, असे वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सांगितले.

पण नुसता मान राखून दुखणे कसे थांबणार? कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे जुने आणि स्वस्त औषध आहे. ज्या अफूपासून ते निघते, ती शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. तरीही १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर निरनिराळे परवाने मिळवणे इतके जिकिरीचे झाले, की पुष्कळ रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडले. २०१४ साली संसदेने ही वाट सोपी केली. मात्र कायदा सुधारला म्हणून औषध रुग्णाच्या उशाशी चालत येत नाही. शिवाय पाठदुखी, सांधेदुखी यांवर मॉर्फिन हा सरसकट उपाय नव्हे. तेथे बेताचा व्यायाम, शांत झोप, मनाला उभारी आणि वारंवार विचारपूस लागते. म्हणजे पुन्हा माणूसच लागतो.

येथे केरळचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. पण ज्याला उठवत नाही, तो दवाखान्यात येणार कसा? तेव्हा दवाखान्याने घरी जायचे ठरले. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत सामान्य माणसांना शिक्षण देऊन स्वयंसेवक केले गेले. पैसा लोकांच्या लहान लहान वर्गणीतून उभा राहिला. औषध ठरवणे डॉक्टरांचे, जखम बांधणे परिचारिकेचे आणि घरात तांदूळ आहेत का, मुले शाळेत जातात का हे पाहणे शेजाऱ्याचे, अशी कामे वाटली गेली. २००८ साली राज्य सरकारने यासाठी धोरण जाहीर केले आणि पुढे ग्रामपंचायतीही या कामात उतरल्या.

आपल्याकडे ग्रामपंचायती आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्त्या आहेत. पण त्यांच्यावर आधीच पुष्कळ ओझे आहे. सारे त्यांच्याच माथी मारून चालणार नाही. आपल्या आळीत अंथरुणाला खिळलेले किती जण आहेत, याची यादी करायला कोणत्याही सरकारी हुकुमाची गरज नाही. ती यादी घेऊन आरोग्य केंद्रात जावे आणि यांच्याकडे कोण, कोणत्या वारी जाणार, हे विचारावे. उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा जावे.