तीस दिवसांची मुदत

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावबदल यांच्या शेजारी, अधूनमधून एक जाहीर सूचना छापून येते. अमुक गावी अमुक प्रकल्प योजिला असून अमुक तारखेस जनसुनावणी होईल, एवढाच तिचा आशय. पान उलटले की ती विसरली जाते. वास्तविक, आपल्या भूमीविषयी बोलण्याचा जो अधिकार कायद्याने लोकांना दिला आहे, त्याचा प्रारंभ या चार ओळींतच असतो. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार ही सूचना प्रादेशिक भाषेतील दैनिकातही यावी लागते, सुनावणीपूर्वी किमान ३० दिवस द्यावे लागतात आणि पर्यावरणीय अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. हे तीस दिवस म्हणजेच पत्रकाराच्या कसोटीचा काळ होय.

पेडणे तालुक्यातील मोपाच्या सड्यावर विमानतळ बांधण्याविषयीची सुनावणी २०१५ च्या फेब्रुवारीत झाली आणि त्याच वर्षी मंजुरीही मिळाली. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. परिसरातील वने व संवेदनशील क्षेत्रे यांविषयीची आवश्यक माहिती अर्जात आली नव्हती, असे दिसून आल्यावर २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने मंजुरी स्थगित केली. अधिक अटी घालून व नीरी या संस्थेकडे देखरेख सोपवून जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. विमानतळ हवा की नको, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु सुनावणीच्या दिवशी जी माहिती लोकांपुढे असावयास हवी होती, तिची उणीव चार वर्षांनी दिल्लीत उघड व्हावी, यात कोणाचेच हित नव्हते.

डिचोली तालुक्यात हाच प्रश्न पाण्याच्या रूपाने उभा आहे. येथे लोहखनिजाचा थर हाच पाणी धरून ठेवणारा थर असतो. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खंदक कोरडा राखण्यासाठी पाणी अहोरात्र उपसावे लागते आणि भोवतालच्या विहिरी खालावतात. शिरगावच्या ग्रामस्थांचे गाऱ्हाणे हेच होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्यानंतर लिलाव झाला. मये, मुळगाव, शिरगाव या गावांना स्पर्श करणाऱ्या पट्ट्याची जनसुनावणी २०२३ मध्ये झाली आणि २०२४ मध्ये खाणकाम पुन्हा सुरू झाले. खाण बंद पडली तेव्हा ट्रकमालक व कामगार यांच्या घरची चूलही अडचणीत आली होती, ही गोष्टही तितकीच खरी.

अशा वेळी वृत्तपत्राने कोणाची बाजू घ्यावी, हा प्रश्न दुय्यम होय. अहवालातली विहीर आणि गावातली विहीर यांची पातळी एकच आहे काय, सड्यावर किती झाडे व किती झरे आहेत, हे जाऊन पाहणे आणि सुनावणीआधी छापणे, हे त्याचे पहिले कर्तव्य.

हवामानबदल हा शब्द अनेकांना दूरदेशीच्या परिषदांतला वाटतो. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते; त्यामुळे पाऊस थोड्या वेळात धो धो कोसळण्याचा संभव वाढतो. मग प्रश्न उरतो तो, हे पाणी मुरणार कोठे? पेडण्यात त्याचे उत्तर जांभ्याचा सडा देतो, डिचोलीत विहीर देते. जागतिक चर्चेचा अर्थ गावकऱ्यांना येथेच उमगतो.

२०२० मध्ये केंद्राने काढलेल्या एका मसुद्यात ही ३० दिवसांची मुदत २० दिवसांवर आणण्याचे सुचविले होते, आणि त्या मसुद्यावर देशभरातून हरकती आल्या. मुदतीचे रक्षण अशा हरकतींनी होते. तिचे सार्थक मात्र ती सूचना छापणाऱ्या वृत्तपत्राने तीस दिवस तिचा पाठपुरावा केला, तरच व्हावयाचे.